एक सोडून एक

पौडच्या एसटी स्टँडच्या अलीकडे एकाच पत्र्याखाली दोन गॅरेज होती. डावीकडचं जनार्दनचं, उजवीकडचं दयानंदचं, आणि मधे विटांची भिंत. दोघे सख्खे भाऊ. वडील विठ्ठलराव मेस्त्री गेले आणि वर्षाच्या आत पोरांनी ती भिंत घातली. भांडण कशावरून, तर रस्त्याकडची मोकळी जागा कुणाची यावरून. आमच्या तालुक्यात जागांना भाव आला तेव्हापासून सख्ख्या भावांना हेच सुचतं.

माझं स्पेअर पार्टचं दुकान बरोबर समोर. त्यामुळे तो सगळा तमाशा मला फुकटात बघायला मिळाला आणि बघून बघून मी कंटाळलो. सांगायचंय ते मात्र कोंडीरामबद्दल.

कोंडीराम जवळच्या रिहे गावचा. विठ्ठलरावांच्या हाताखाली गॅरेजच्या पहिल्या दिवसापासून होता. जनार्दन आणि दयानंद दोघांच्याही हातात पहिला पाना त्यानंच दिला होता. दोघं त्याला मामा म्हणायचे.

दोन हजार एक साली वाटणी झाली तेव्हा मीही तिथं होतो. कॉम्प्रेसर एकाला गेला, वेल्डिंगचं मशीन दुसऱ्याला. शेवटी उरला सॉकेटचा मोठा सेट. ट्रक-डंपरच्या चाकांचे आणि हबचे नट खोलायला लागतो तो. एकेक सॉकेट मुठीत मावणार नाही असं, हातात घेतलं की मनगट खाली जायचं. "सेट मला," जनार्दन म्हणाला. "मला," दयानंद म्हणाला. वाटणीला बसलेले लोक सकाळपासून उपाशी होते. तेवढ्यात कोपऱ्यातून कोंडीराम म्हणाला, "एक सोडून एक वाटा की. तीसचं ह्याला, बत्तीसचं त्याला, छत्तीसचं ह्याला, एकेचाळीसचं त्याला." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि जेवायला उठले.

असला मूर्खपणा मी जन्मात बघितला नव्हता. अर्ध्या सेटवर गॅरेज कसं चालायचं? मी कोंडीरामला बाहेर गाठून चांगलाच झापला. तो हसला.

"म्या येडा न्हाई शेठ. अर्ध्यावर कुनाचंच काम व्हनार न्हाई. बत्तीसचं लागलं की जनाला दयाच्या दारात जावंच लागंल. मागायला तरी त्वांड उघडतील. आन् तुमी एक करा, ही मोठी सॉकेटं तुमच्या दुकानात ठिवू नका."

मी नाही ठेवली. तेवढा धंदा सोडला म्हणा ना. म्हाताऱ्याचा डाव मला पटला होता.

वाटणीत कोंडीरामचीही वाटणी झाली. सकाळी तो जनार्दनकडे आणि जेवणानंतर दयानंदकडे. दोघांनी आपापल्या कामगारांना ताकीद दिली होती, पलीकडच्या दारात पाय ठेवाल तर उद्यापासून कामाला येऊ नका. राहिला फक्त कोंडीराम. मग व्हायचं तेच झालं. बत्तीसचं लागलं की जनार्दन गाडीखालून ओरडायचा, "मामा, जरा बत्तीसचं!" आणि मामा निघायचे. भिंतीला दार नव्हतं. पुढून बाहेर पडायचं, गटार ओलांडायचं, रस्त्याच्या कडेनं जायचं, पलीकडच्या पत्र्याखाली शिरायचं, सॉकेट घ्यायचं, त्याच वाटेनं परत. काम झालं की ते परत पोचवायला पुन्हा तीच फेरी. पावसाळ्यात गटाराच्या कडेला चिखल असायचा. तिथं तो दोनदा पडला, पण हातातलं सॉकेट सोडलं नाही.

संध्याकाळी दोन्हीकडची आवराआवर त्याच्याच गळ्यात. डिझेलच्या डब्यात सॉकेटं बुडवायची, चिंधीनं पुसायची आणि पेटीच्या खालच्या खणात मापानं लावायची, लहान पुढं, मोठं मागं. लावताना तो मधल्या जागा मोकळ्या सोडायचा. तीसनंतर रिकामी जागा, मग छत्तीस, मग पुन्हा रिकामी जागा. दोन्ही खण असेच, पुढचे दात पडलेल्या पोराच्या तोंडासारखे. दयानंद वैतागायचा. "मामा, जागा कशाला अडवून ठेवता? सरकवा की."

"ऱ्हाऊ दे. त्येच्या भावाची जागा हाय ती."

दयानंद खण पायानं लोटून बंद करायचा. जनार्दन काही बोलायचा नाही, त्याचा अबोला त्याहून वाईट.

वर्षं अशीच गेली. रस्त्याला डंपर वाढले, कामं वाढली आणि कोंडीरामच्या फेऱ्याही. त्याचे केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले. मी चिडवायचो, "काय कोंडीराम, मुंबईला निघालास का पायी?" तो माझ्या पायरीवर बसून पोटऱ्या चोळायचा आणि म्हणायचा, "आज दयानं इचारलं, जनाच्या पोरीचा ताप उतरला का म्हनून. येतंय हळूहळू." ते 'हळूहळू' ऐकून मला त्या दोघांच्या कानाखाली आवाज काढावासा वाटायचा. म्हातारा झिजत होता आणि ह्यांना कशाचं काही नव्हतं.

दोन हजार सहा साली आमच्याकडे घरोघरी चिकुनगुनिया आला. कोंडीरामनंही अंथरूण धरलं. त्याच आठवड्यात एक दिवस भरलेला डंपर जनार्दनच्या दारात चाक काढून उभा होता, अर्धा रस्ता अडवून. मागं गाड्यांची रांग, ड्रायव्हरच्या शिव्या. हबचा नट एकेचाळीसचा, आणि ते सॉकेट दयानंदच्या खणात. जनार्दननं साखळी पाना लावून बघितला, छिन्नी लावून बघितली. मग हात पुसले आणि बाहेर आला. गटार ओलांडलं. दयानंदच्या दारात जाऊन उभा राहिला.

पाच वर्षांत पहिल्यांदा. मी काउंटरवरचं गिऱ्हाईक तसंच सोडून पायरीवर आलो.

दयानंदनं त्याला बघितलं. काही न विचारता खाली वाकला, खण उघडला, एकेचाळीसचं काढलं. चिंधीनं पुसत पुसत पुढं आला. दोघांत चार हातांचं अंतर राहिलं असेल. जनार्दन म्हणाला, "दया..."

आणि एसटी थांबली. स्वेटर घातलेला, कानाला मफलर गुंडाळलेला कोंडीराम दांड्याला धरून खाली उतरला आणि तिथूनच ओरडला, "आलो, आलो! थांब जना, म्या देतो!"

फेंगडत फेंगडत तो दोघांच्या मधे शिरला. दयानंदच्या हातातलं सॉकेट घेतलं, जनार्दनच्या हातात दिलं. दोघांनी एकदाच सुटकेचा श्वास टाकला आणि दोन दिशांना तोंडं फिरवली.

मी कोंडीरामला दंडाला धरून दुकानात आणला. अंग तव्यासारखं तापलं होतं. "कशाला आलास तू? कुणी बोलावलं होतं?"

"कामं अडली असतील म्हनलं..."

"अडली होती म्हणूनच तो गेला होता! तोंड उघडलं होतं त्यानं!" मी आजारी माणसावर ओरडलो, कारण मला खरंच रडू यायला लागलं होतं.

कोंडीरामनं कानाचा मफलर सोडला. मग म्हणाला, "म्हंजी म्या मधी व्हतो, म्हनून त्यांना बोलायची गरज पडली न्हाई व्हय?"

मी त्याच्यासाठी चहा सांगितला.

दुपारच्या गाडीनं तो परत गेला. जाताना म्हणाला, "आता म्या येत न्हाई. ताप उतरला तरी घरी पडून ऱ्हातो. बघा तुमी." त्याची बायको गंगूबाई नंतर मला सांगत होती की ताप गेला, हिंडाफिरायला लागला, तरी माणूस रोज सकाळी आंघोळ करून ओसरीवर नुसता बसून राहायचा, पौडकडच्या रस्त्याकडे तोंड करून. पाच वर्षं ज्या पायांना बसायला मिळालं नाही, त्यांना आता उठायची बंदी होती.

मी इकडे डोळ्यांत तेल घालून बघत होतो. दयानंदनं एक ट्रक काम न करताच परत पाठवला. जनार्दन एकदा गटारापर्यंत आला, उभा राहिला आणि मागं फिरला. मला वाटलं, आज नाही तर उद्या.

आणि एका सोमवारी कोंडीरामच आला. फार दिवस दम निघाला नाही त्याला. आधी जनार्दनकडे गेला, मग दयानंदकडे. थोड्या वेळानं माझ्याकडे येऊन पायरीवर बसला.

"काय झालं?" मी विचारलं.

"दोन्ही खन भरल्यात."

मला कळेना.

"जनानं पुन्यासनं त्याची ऱ्हायलेली सॉकेटं आनली. दयानंबी आनली. एकमेकाला ठावं न्हाई. जना म्हनला, मामा, त्या दिशी तापात तुमची हालत बघितली, जीव तुटला माझा. तुमच्या पायांसाठी आनली, आता फेऱ्या बंद. तिकडं गेलो तर दयाबी त्येच म्हनला. डोळ्यांत पानी व्हतं त्येच्या."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हनायचं? खन लावून आलो. नवी सॉकेटं मापानं बसवली, एकसुद्दा जागा रिकामी ऱ्हायली न्हाई." तो गुडघे चोळायला लागला, सवयीनं. समोर दोन्हीकडं हातोड्याचे आवाज चालू होते.

"दोघंबी लई चांगली पोरं हायेत शेठ," कोंडीराम म्हणाला. "येगळी येगळी लई चांगली हायेत."