मुकादम कुत्र्याला घर शोधतात

जन्मभर लोकांची घरं हलवली, पण कुणाला घर शोधून द्यायची वेळ मुकादमांवर कधी आली नव्हती. कपाटं, पलंग, फ्रीज, एकदा तर पियानोसुद्धा त्यांनी अरुंद जिन्यातून खाली आणला आणि दुसऱ्या अरुंद जिन्यातून वर चढवला. भिंतीला ओरखडा नाही. काम सुटलं तरी नाव मुकादमच राहिलं.

आता घर हवं होतं भुऱ्याला, गोदामावरच्या कुत्र्याला. गोदामाच्या आवारात उलट्या येणाऱ्या ट्रकखाली त्याचं मागचं धड चेंगरलं. जुन्या सोबत्यांना भेटायला गेलेले मुकादम पोत्यावर कुत्रं घेऊन परतले. जनावरांच्या डॉक्टरांनी हाडं जुळवली. सपाटीवर लंगडत चालेल, म्हणाले, पण जिना कायमचा बंद. मुकादमांचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आणि त्यांच्या स्वतःच्या कंबरेनं केव्हाच हात टेकले होते. भरलेली बादलीही उचलायची नाही, अशी माणसांच्या डॉक्टरांची ताकीद होती.

तरी सकाळ-संध्याकाळ ते भुऱ्याला खाली नेत, वर आणत. उचलला की तो अंग ताठ करी, घशातल्या घशात गुरगुरे. दुखत असेल बिचाऱ्याला, असं समजून मुकादम पकड आणखी घट्ट करत. एका संध्याकाळी दुसऱ्या वळणावर त्यांच्या कंबरेत चमक भरली. कठडा होता म्हणून दोघं वाचले.

"कुत्रं की कंबर, काय ते एकदाचं ठरवा," बायको म्हणाली. "उद्या दोघांना उचलायला मी माणसं कुठून आणू?"

तेव्हापासून मुकादमांच्या पायाला भिंगरी लागली. जेवताना नजर दाराकडे. बसले की उठायचे, उठले की कुठे निघालो होतो ते आठवत नसे.

पहिलं घर रंगाच्या दुकानदाराचं. तळमजला, मागे मोकळं अंगण. सगळं मनासारखं. फक्त अंगणाच्या भिंतीत साखळीची कडी आधीच ठोकलेली.

"रात्री जरा भुंकलं की झालं आपलं काम," दुकानदार म्हणाला.

"आणि दिवसा?"

"दिवसा पडून राहील की."

मुकादम अर्धा चहा तसाच ठेवून उठले.

दुसरं घर बायकोच्या भाच्याचं. भाचा व्यायामशाळेत जाणारा, दंड शर्टात मावत नव्हते. त्यानं भुऱ्याला पुढच्या पायांखाली धरून वर खेचलं. मागचं धड लोंबकळलं. भुऱ्या केकाटला.

"ठेव खाली."

"अहो काका, काहीच वजन नाहीये."

"तुला नाहीये. त्याला आहे."

घरी येईपर्यंत बातमी पोचली होती. "पोरीच्या वेळी दुसऱ्याच स्थळाला मान डोलावलीत," बायको म्हणाली. "कुत्र्याला मात्र राजघराणं पाहिजे."

"पोरगी स्वतःच्या पायांनी चालत होती," मुकादम म्हणाले आणि पुन्हा चपला घालू लागले.

तिसरं माणूस स्वतःच आलं. जनावरांच्या डॉक्टरांनी पाठवलेली, मोठ्या इस्पितळातली आया. ती कामावर गेली की घरी तिची आई एकटी असे, तिला सोबत हवी होती. घर दुसऱ्या मजल्यावर. मुकादमांनी तिच्या काडीसारख्या मनगटांकडे बघितलं आणि मनात फुली मारली. भुऱ्याला फिरवून ते नुकतेच जिन्याच्या तोंडाशी थांबले होते, कंबरेवर हात ठेवून.

"वर न्यायचंय ना? मी घेते," ती म्हणाली.

"तीन मजले आहेत, ताई."

तिनं ऐकलं नाही. ती भुऱ्याशेजारी उकिडवी बसली. आधी नुसता हात पुढे धरला. त्यानं तो हुंगला. मग त्याच्या कानाशी म्हणाली, "उचलते हं आता." एक हात छातीखाली, एक मांड्यांखाली सरकवला आणि तशीच थांबली. भुऱ्या हळूहळू तिच्या अंगावर रेलला, तेव्हा कुठे ती गुडघ्यांतून उठली. तीन मजले तो गुरगुरला नाही. मुकादम मागून चढत राहिले, चूक शोधत. सापडली नाही.

वर पोचल्यावर त्यांच्याच्यानं राहवलं नाही. "माझ्याकडे ताठ होतो तो. दुखतं त्याला."

"दुखत नाही, काका. दचकतो. मी मघाशी खिडकीतून बघत होते, तुम्ही त्याला उतरवत होतात. कपाट उचलता तुम्ही. कपाटाला सांगावं लागत नाही. माणसाला न सांगता उचललं ना, की तो ताठ होतो, आणि ताठ झालेला दुप्पट जड."

"खिडकीतून?"

"समोरून, जनावरांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून. तुमचा जिना दिसतो तिथून. पत्ता विचारायला थांबले होते."

बायको स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसली. सकाळी घेऊन जा, एवढंच मुकादम म्हणाले.

सकाळी ती खाली उभी होती. मुकादम भुऱ्याजवळ बसले. घसा साफ केला. बायको नाही ना ऐकत, हे बघून घेतलं.

"उचलतो बरं का, भुऱ्या."

हात सरकवले आणि थांबले. भुऱ्यानं पहिल्यांदाच हनुवटी त्यांच्या दंडावर टेकवली. उठले तर त्याचं वजन निम्मं झालेलं. पहिला मजला उतरताना मुकादमांना वाटलं, आता कशाला द्यायचा? हे तर जमतंय. खाली जाऊन बाईंना तसं सांगून टाकू. दुसऱ्या वळणावर तीच चमक भरली, त्याच जागी. ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले. भुऱ्या मऊच राहिला, त्यामुळे पडले नाहीत. उरलेला जिना ते एकेक पायरी करत उतरले आणि भुऱ्याला त्यांनी तिच्या हातांत दिलं.

"सांगून घ्या," ते म्हणाले.

"घेतलं," ती म्हणाली.

ते वर आले तेव्हा बायको दारात होती. मुकादम रिकामे हात अजून तसेच पुढे धरून, अंग तिरकं करून, कोपर भिंतीपासून सांभाळत चढत होते.

"हात खाली करा आता," ती म्हणाली. "कुणी नाहीये."

त्यांनी हात खाली केले.

"तिच्या जिन्याला कठडा आहे का, विचारायचं राहिलं."

"उद्या विचारा."

मुकादम आत आले, पण चपला काढल्या नाहीत.