जॉबरअण्णांचे खिळ्यांचे टायर

जॉबरअण्णा शिवी दिल्याशिवाय साधा स्क्रूसुद्धा पिळत नसत. वडगावातल्या कापडाच्या मागांवर काही बिघडलं की दुरुस्त करणारे ते जॉबर, आणि बिघडवणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्याशिवाय पान्याला हात लागायचा नाही. आमची आणि त्यांची भिंत एकच, त्यामुळे लहानपणापासून मीही त्यांच्या शिव्या पोटभर खाल्ल्या.

पुढे मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागले. तिथं रिमोटच्या गाड्यांची शर्यत ठरली, तीही बर्फावर. खासबागेतल्या बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणून हॉलमध्ये अंथरायची ही अक्कल प्राचार्यांची. रबरी टायर बर्फावर जागच्या जागी गरगरत. मी ते घेऊन अण्णांकडे गेले. बारीक स्क्रूंची टोकं टायरच्या आतून बाहेर काढायची, आत राहिलेल्या डोक्यांवर सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवायची, हे त्यांनी उभ्या उभ्या ठरवलं. बदल्यात काही नको म्हणाले. फक्त गाडीपुढच्या पाटीवर त्यांचं नाव लागावं, बायकोला, आमच्या आक्कांना, आणून दाखवायचं होतं. मी शब्द दिला.

पहिली जोडी त्यांनीच घालवली. जन्म मागावर गेलेला, ओळ सरळ आली नाही तर त्यांचा जीव शांत होत नसे. स्क्रू फणीच्या दातांसारखे एका रांगेत लावले. मग प्रत्येक स्क्रू पुढच्यानं पाडलेल्या चरीतच पडायचा, आणि गाडी वळण सोडून थेट भिंतीत. चूक त्यांची, शिव्या मला.

"मास्तरीण हाईस न्हवं? ओळ मोडाय पायजे, हे मला कुणी सांगायचं गं?"

दुसऱ्या जोडीत त्यांनी स्क्रू मागेपुढे सरकवून लावले. गाडीनं वळण घेतलं तेव्हा ते चक्क हसले.

शर्यतीच्या आदल्या दिवशी प्राचार्य म्हणाले, बाहेरच्या माणसाचं नाव लावू नका, आणि मागवाल्याचं तर शोभतही नाही. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण तोंड उघडलं नाही, नोकरी कच्ची होती. पाटीवर 'कॉलेजची निर्मिती' असं मीच लिहिलं, याच हातानं.

अण्णा इस्त्रीचा सदरा घालून आक्कांना घेऊन आले. पाटी वाचली. आक्कांना गाडी दाखवली आणि निघून गेले. एवढ्या शिव्या येणाऱ्या माणसाला तिथं एकही सुचू नये? मला त्यांचाच संताप आला. स्वतःवर चिडण्यापेक्षा ते सोपं होतं.

पुढच्या वर्षी निर्लज्जासारखी पुन्हा त्यांच्या दारात गेले. त्यांनी नवी जोडी करून दिली, एकही वाकडा शब्द न काढता. शेवटी मीच म्हटलं, "अण्णा, रागवा तरी."

टायर कागदात गुंडाळत ते म्हणाले, "शिव्या घरच्या माणसाला द्यायच्या असत्यात, मॅडम."

मी टायर घेऊन बाहेर पडले. आणि खोटं कशाला सांगू, त्याही वर्षी मी पाटी बदलली नाही.