शेजारणीने दिलेली साक्ष

सन दोन हजार चोवीस, महिना मार्च, ऋतू म्हणाल तर लालबागचा खास स्वतःचा: मसाल्याचा. अख्ख्या गल्लीत मिरच्या भाजल्या जात होत्या आणि येणारा-जाणारा शिंकत होता. अशा त्या तिखट दिवसांत, म्हणजे शहाण्या माणसाने तोंड मिटूनच राहावे अशा दिवसांत, मी तोंड उघडले. त्याचे पुढे काय झाले ते चहा निवण्यापूर्वी सांगून टाकते.

मी सुमती परुळेकर. जुनी अकरावी मॅट्रिक, शाळेच्या कार्यालयात नोकरी करून निवृत्त. आयुष्यात कोणाकडून दमडी उसनी घेतली नाही. शेजारच्या खोलीत कुसुम नाईक. ती डबे करून देते, आणि फ्रीजपासून शिलाईयंत्रापर्यंत सारे हप्त्यांनी घेते. स्वभाव दोन टोकांचे, पण वर्षाचा मसाला आम्ही एकत्र करतो आणि निम्मानिम्मा वाटून घेतो. यंदा दोघींनी विमानाने केरळला जायचे ठरवले होते. सहलीचे पैसे कार्डावर पाडव्यापूर्वी भरल्यास घसघशीत सवलत होती. म्हणून दोघींनी एकाच बँकेत क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला.

आता मी सावध बाई आहे. वर्तमानपत्र रोज वाचते. फोनवर कोणी गोड बोलले की मी तत्काळ फोन ठेवते. एकदा सख्ख्या भाच्याचाही ठेवला होता. त्याच महिन्यात एका भामट्याला मी कसे परतवून लावले, ते ऐकाच.

कुसुम मसाला कुटायच्या डंकावर नंबर लावायला गेली होती. मी तिच्या दारात, नाकातोंडावरून घट्ट पदर बांधून, दोरीचा चष्मा तेवढा उघडा ठेवून, मिरच्यांची देठे काढत बसले होते. इतक्यात एक चाळिशीचा गृहस्थ माझ्या कुलूपबंद दारापाशी घुटमळू लागला. मग आला, आणि खुशाल भिंतीला टेकून विचारतो कसा?

“मावशी, इथे परुळेकर बाई एकट्याच राहतात का?”

एकट्याच! बघा बरे! सज्जन माणूस असा प्रश्न विचारतो का?

“भिंतीला टेकून बोलू नका. सरळ उभे राहा,” मी म्हटले. “कोण आपण?”

“चौकशीला आलोय. तुम्ही शेजारी ना? नाव काय आपलं?”

मी खोटे बोलत नाही. मी फक्त दारावरच्या पाटीकडे बोट दाखवले. पाटीवर ‘कुसुम नाईक’ असे होते. त्याने ते लिहून घेतले, तो त्याचा प्रश्न.

“बाईंचं कसं काय? पैशाअडक्याने बऱ्या आहेत ना?”

आला ना मुद्द्यावर! मी मनात म्हटले, याला असे काही सांगावे की पुन्हा या जिन्याची पायरी चढणार नाही.

“त्या? त्यांच्या घरात झुरळसुद्धा उपाशी मरते! पेन्शन पंधरवड्यातच संपते. मग चाळभर उसने मागत फिरतात.”

“अरेरे! आणि दागिने वगैरे?”

“हातात बांगड्या घालतात ना, त्या खोट्या. शिवाय आज आहेत, उद्या नाहीत. केव्हा गाशा गुंडाळून गावी जातील, नेम नाही!”

“तुम्हाला नक्की माहीत आहे?”

“माझ्याइतके त्यांना जवळून कोणीच ओळखत नाही,” मी म्हटले. आणि हे तर शब्दशः खरे होते की नाही?

बिचारा हळहळत जिना उतरला. पुढे चार घरी मी हा पराक्रम तिखटमीठ लावून सांगितला.

एप्रिल उजाडला आणि दोघींची कार्डे आली. कुसुमचे लिमिट साठ हजार. माझे पंधरा!

पंधरा हजारांत केरळ? पनवेलपर्यंत नेऊन सोडले असते मला! आणि जिने जन्मभर हप्ते फेडले तिला साठ? मी बँकेला फोन केला. अनेक आकडे दाबवून घेतल्यावर एक मुलगी बोलली.

“मॅडम, लिमिट तुमचं उत्पन्न, आधीची कर्जं वेळेवर फेडलीत का, आणि आमचा रिपोर्ट, यावर ठरतं. आमचा माणूस शेजाऱ्यांकडेही चौकशी करतो.”

“कोणत्या शेजाऱ्यांकडे?”

“ते सांगता येत नाही, मॅडम.”

सांगायला कशाला हवे? माझ्या एका बाजूला जिना आहे आणि दुसऱ्या बाजूला कुसुम!

मी संध्याकाळी सहज विचारल्यासारखे विचारले, “कुसुम, माझी चौकशी करायला तुझ्याकडे कोणी आले होते?”

“नाय गो. कोण येतलो?”

किती सफाईदार उत्तर! क्षणभरसुद्धा अडखळली नाही. माझा संशय तिथेच पक्का झाला.

आणि कारणही माझ्या लक्षात आले. आमच्या चाळीत पाणी कसे येते? एका बिऱ्हाडाने नळ मोठा सोडला की दुसऱ्याकडे धार बारीक. बँकेचेही तसेच असणार! मजल्याला ठरावीक लिमिट. एकीचे कमी केले की दुसरीचे वाढते. माझे पंचेचाळीस हजार हिच्या नळाने वाहून गेले होते!

माझ्याकडे राहिलेले तिचे पातेले मी घासून, न बोलता, तिच्या उंबऱ्यावर ठेवले. मसाला वाटायची वेळ आली तेव्हा वजनाचा काटा मागवला. इतकी वर्षे आम्ही वाटीने वाटत होतो. काटा पाहून कुसुमचा चेहरा उतरला.

“ताई, तोंड कित्याक फिरवलंस? माझा काय चुकला?”

“तुझ्या मनाला विचार.”

“मनाक इचारलंय. ता म्हणता, ताईचा डोक्या फिरला हा!”

दोन दिवस तिने माझी मनधरणी केली. मी बधले नाही. मग तिने सहलीच्या कंपनीला फोन करून यादीतून आमची दोन्ही नावे काढून टाकायला सांगितली, आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतले. कुसुमचे दार दिवसा लागलेले मी प्रथमच पाहिले. मला वाईट वाटले नाही असे नाही. पण तत्त्व म्हणून काही असते की नाही?

शेवटी तीच माझ्या दारात उभी राहिली. “चल बँकेत. माझा नाव कोणी घेतल्यान तो तोंडार येऊंदे. मगेच तिकिटांचा बघू.”

शाखेतल्या अधिकारी बाई शांत होत्या. म्हणाल्या, “आजी, चाळीला लिमिट वाटून देत नाहीत हो! नाईकबाईंनी इतके हप्ते वेळेवर फेडले, त्याची नोंद आहे. तुम्ही कधी कर्जच घेतलं नाही, म्हणजे तुम्ही कशा फेडता हे आम्हाला कळणार कसं?”

म्हणजे माझ्या सचोटीची नोंदच नाही! पण मी मुद्दा सोडला नाही. “ते असू दे. शेजारणीने काय सांगितले?”

बाई कचरल्या. “पेन्शन बरी होती, म्हणून थोडं जास्त देता आलं असतं. पण शेजारच्या कुसुम नाईक यांनी तुमच्याबद्दल... जरा...”

“ऐकलेस?” मी कुसुमकडे वळले.

कुसुम पांढरीफटक पडली. “देवाशप्पथ, ताई! मी कोणाक पाह्यलंय पण नाय!”

“चौकशीला गेलेल्यांनाच बोलावते,” बाई म्हणाल्या.

एक गृहस्थ आले आणि टेबलाला रेलले. माझ्या तोंडून सवयीने निघून गेले, “टेकून बोलू नका. सरळ उभे राहा.”

तो खाडकन सरळ झाला. त्याने माझ्या चष्म्याकडे पाहिले, चष्म्याच्या काळ्या दोरीकडे पाहिले, आणि त्याचा चेहरा फुलला.

“अहो कुसुमताई, तुम्ही! मॅडम, याच त्या शेजारीण! इतकी मोकळी माहिती मला आजवर कोणी दिली नाही.” मग आवाज खाली आणून मला म्हणतो, “त्या परुळेकर बाई गेल्या का हो गावाला?”



“ही कुसुम?” कुसुम हळूच म्हणाली. “मगे मी कोण?”

अधिकारी बाईंनी ओठ घट्ट मिटून हसू आवरले. “आजी, तुम्ही सांगितलेलं खरं की खोटं? खरं असेल तर लिमिट बरोबर आहे.”

मी, जी कधी खोटे बोलत नाही, भर शाखेत म्हणाले, “खोटे.”

लिमिट लगेच वाढत नाही, म्हणाल्या. काही महिने कार्ड वापरा, वेळेवर फेडा, मग बघू.

बाहेर आलो. मी क्षमा मागितली. म्हटले, काटा परत करते, मसाला वाटीनेच वाटू. ती फुटपाथवर थांबली, पदराने डोळे पुसले. रडते आहे असे वाटून मी तिचा हात धरला, तर बाई हसून हसून रडत होती.

“दोघांची तिकिटा मी माझ्या कार्डार काढतंय,” ती म्हणाली. “पण ताई, माझे पैशे परत देशीत मा? नाय म्हणजे, तुझी शेजारीण सांगत होती, पेन्शन पंधरवड्यात संपता तुझी!”

तो दिवस सोमवार, पाडव्याच्या आदला. तिकिटे त्याच संध्याकाळी निघाली. माझ्या वाट्याची रक्कम मी तिथल्या तिथे रोख मोजून दिली, आणि कुसुमने ती, माझ्या देखत, दोनदा मोजून घेतली.