बोटं माझी हायत

"जरा उजेडाकडं बगा की, पावणं."

ओळख असो नसो, त्याचं पहिलं वाक्य हेच. रामराम नंतर. समोरच्या माणसाला असा वळवायचा आणि मग उजव्या हाताची बोटं हवेतल्या हवेत हलवायचा, त्याचा गाल लांबूनच चाचपल्यासारखी. नवखा माणूस बिचकायचा. एकदा गंगावेशीत गडमुडशिंगीहून भाजी घेऊन आलेल्या एका दांडग्या गड्यानं त्याची गचांडीच धरली. "नजर लावतोस व्हय रं?" हा तसाच लोंबकळत म्हणाला, "हितंच थांबा. राग झ्याक बसलाय कपाळावर."

आमच्या गल्लीत त्याला सगळे बोटवाला म्हणत. मुसलमानाच्या घरातला, वाडवडील कापड रंगवणारे. हा मात्र तैलचित्रं काढायचा, आणि तीही नुसत्या बोटांनी. कोल्हापुरात तेव्हा चित्रकाराचं नवल नव्हतं. गादीवरच्या महाराजांना कुस्तीपासून गाण्यापर्यंत सगळ्याचा शौक, त्यामुळे गावात ज्याला त्याला काहीतरी करून दाखवायची हौस. मी स्वतः शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. पण कुंचल्याला हात न लावणारा चित्रकार मी दुसरा पाहिला नाही, आणि तुम्हीही पाहिला नसेल.

त्याच्या प्रत्येक बोटाला नेमून दिलेलं काम होतं. सफेदा करंगळीवर, अंगाचा रंग अनामिकेवर, केस आणि सावल्या अंगठ्यावर. एका बोटाचं काम दुसऱ्यानं केलेलं त्याला खपायचं नाही. काम चालू असताना तो हात धूत नसे. दुपारी त्याची बायको, आमच्या भाभी, भाकरीचा घास मोडून त्याच्या तोंडात भरवायच्या आणि वर दहा गोष्टी ऐकवायच्या. तो चावत चावत चित्राकडे बघायचा. आम्ही खिडकीखालून जाताना हे बघून हसत असू, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटे.

एकदा महाराजांचा खडखडा, म्हणजे त्यांची ती मोठी घोडागाडी, त्या रस्त्यानं निघाला. सगळी गल्ली मुजऱ्याला धावली. हा खिडकीत आला तो रंगलेल्या हातानिशी, आणि तसाच त्यानं मुजरा केला. कपाळावर निळा पट्टा उमटला, तो संध्याकाळपर्यंत मिरवत होता. मी म्हटलं, "अरे, पूस की ते." म्हणाला, "कशाला? मुजरा खरा केलता ह्येचा पुरावा हाय त्यो."

बोटांनीच का, असं विचारलं की त्याचं ठरलेलं उत्तर असे, "कुंचल्याला कातडं कुठं असतंय, मास्तर?" मी वाद घालायचो. कुंचल्याची बारीक रेघ, कुंचल्याची सफाई, सगळं शाळेतल्यासारखं समजावून सांगायचो. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "झालं शिकवून? आता सरा जरा, उजेड आडिवलाय तुमी."

खरं कारण मला भाभींकडून कळलं. तरुणपणी तो एका नाटक कंपनीत पडदे रंगवायचा. एकदा मालक पाहुण्यांना पडदा दाखवताना म्हणाला, हा मीच काढलाय. यानं तिथल्या तिथं, पाहुण्यांसमोर, तो खोटं बोलतोय म्हणून सांगितलं. कंपनी सुटली. दारातून बाहेर पडताना मालकानं अडवलं आणि म्हणाला, "कुंचले ठेव खाली. ते कंपनीचे आहेत." यानं सगळे कुंचले ठेवले, दोन्ही हात वर करून दाखवले आणि म्हणाला, "बोटं तर माझी हायत न्हवं?" त्या दिवसापासून त्यानं कुंचला धरला नाही.

असल्या माणसाला काम द्यायचं म्हणजे विकतचं दुखणं. ते मी घेतलं. आमच्या गल्लीत एक भजनी मंडळ होतं आणि दर गुरुवारी दत्ताचं भजन व्हायचं. नृसिंहवाडीला दर वेळी सगळ्यांना जाणं जमत नव्हतं, म्हणून मंडळाच्या खोलीत दत्ताचं मोठं चित्र असावं असं ठरलं. मी बोटवाल्याचं नाव सुचवलं. कोणी हरकत घेतली नाही. मुसलमान चित्रकारानं देव काढण्यात तेव्हा कोणाला वावगं वाटत नव्हतं. नाटकाच्या पडद्यांवरचे अर्धे देव अशांनीच काढलेले होते.

चित्र पुरं होत आलं तेव्हा मंडळाचे अध्यक्ष तात्या ते पाहायला गेले. तात्या दरबारच्या कचेरीतून निवृत्त झालेले, सोवळ्याओवळ्याचे कडक, पण मनाचे वाईट नव्हेत. ते जिना चढून दारात पोचले आणि नेमकं त्याच वेळी बोटवाल्याची करंगळी दत्ताच्या मधल्या मुखाच्या डोळ्यात होती.

"अरे अरे, देवाच्या डोळ्यात बोट घालतोस?"

"घालत न्हाय, तात्या. उगडतोय."

तात्या आले तसेच जिना उतरले. त्यांनी कुंचला गृहीत धरला होता. लाकडाची काडी मध्ये असली की विटाळाचा प्रश्न येत नाही, असा त्यांचा हिशेब. बोट म्हणजे प्रत्यक्ष स्पर्श, आणि तोही एका जागी नव्हे, मस्तकापासून पायापर्यंत.

तात्यांच्या ओसरीवर सभा बसली. भांडण नको होतं कोणालाच, त्यामुळे तोडगा लगेच निघाला. मास्तरांनी त्या चित्रावरून एकदा कुंचला फिरवावा. म्हणजे ते कुंचल्याचं झालं, आणि कुंचला एका हिंदू माणसाच्या हातचा झाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मास्तर म्हणजे मी. मी म्हटलं, "चित्र त्याचं आहे. मी हात लावणार नाही." तात्या म्हणाले, "हात कोण लावायला सांगतंय? कुंचलाच लावायचाय."

हे बोटवाल्याच्या कानावर गेलं आणि तो सभा उठायच्या आत अंगणात येऊन उभा राहिला. ओसरीवर चढला नाही. हात तसेच रंगलेले.

"तात्या, देवाला गंध कशानं लावताय?"

"बोटानं," तात्या म्हणाले. "पण ते आमचं बोट."

"आनि कुंभार गणपती करतोय, त्यो काय पळीनं करतोय? आदी पायानं चिखल तुडीवतोय. मग बोटानं नाक-डोळं काढतोय."

"माती भाजते, वाळते. शिवाय प्राणप्रतिष्ठा होते. तू शास्त्रात पडू नकोस."

"न्हाय पडत. एकच इचारतो. मास्तर, तुमच्या साळंतला त्यो इलायती कुंचला, तेलाच्या रंगाचा, त्येला केस कशाचं असत्यात?"

खोटं बोलणं शक्य नव्हतं आणि खरं बोलायची ही जागा नव्हती. तरी म्हणालो, "डुकराचे."

बोटवाला सगळ्यांकडे एकेक करून बघत होता, आणि या वेळी कोणाला उजेडाकडे वळायला सांगत नव्हता.

"माज्या बोटानं देव बाटतोय आनि डुकराच्या केसांनी शुद्ध हुतोय. बरं. न्या, नायतर ऱ्हाऊ द्या. माज्या घरात बी देवाला जागा हाय. पन त्या चित्राला कुंचला लागणार न्हाय."

एवढं बोलून तो निघून गेला. मला त्याचा अभिमान वाटला आणि त्याची भीतीही वाटली, कारण आता मागे फिरायला त्यानं स्वतःलाच वाट ठेवली नव्हती. मंडळानं ते चित्र नाकारलं असतं तर त्यानं पुन्हा कधी चित्रच काढलं नसतं, हे भाभींनी मला दुसऱ्या दिवशी रडत सांगितलं.

तात्या हट्टी होते, पण डुकराचा केस त्यांच्या घशात अडकला होता. रंग वाळल्यावर त्यांनी चित्र मंडळाच्या खोलीत आणवलं आणि स्वतः पंचगंगेचं पाणी शिंपडलं. निदान एवढं तरी करू, म्हणाले. पाणी तैलरंगावर ठरेना. थेंब घरंगळून खाली जमिनीवर. तात्यांनी पुन्हा शिंपडलं, पुन्हा तेच. शेवटी पंच्याच्या टोकानं पुसायला वाकले आणि तसेच वाकलेले राहिले.

दत्ताच्या मागे उभ्या गाईचं डावं शिंग जरा खाली वळलेलं होतं. नाकपुडी ओली दिसत होती.

"ही आमची कपिला," तात्या म्हणाले.

कपिलाच होती. तात्यांचा गोठा बोटवाल्याच्या खिडकीसमोर, आणि त्यानं ती रोज बघून काढली होती. आपल्या गाईला देवाच्या मागून हाकलून द्यायचं कसं, हा पेच शास्त्रात कुठे सोडवलेला नसावा. मग ते खिळा आणायला म्हणाले.

बोटवाला दारात उभा होता. मी त्याला आत बोलावलं. तो म्हणाला, "सही करायची ऱ्हायली, तेवडी करतो." तात्यांचा चेहरा पडला. देवाच्या चित्रावर ते नाव कसं दिसेल, याचीच त्यांना चिंता. त्यांनी मागच्या बाजूला सही करायला सुचवलं. बोटवाल्याला मराठी, उर्दू दोन्ही लिहिता येत होतं. पण त्यानं नाव लिहिलंच नाही. करंगळीचा सफेदा या वेळी अंगठ्यावर जाड घेतला आणि दत्ताच्या उजव्या पायाच्या टोकाशी ठसा दाबून उमटवला. पायाच्या उजेडात तो मिसळून गेला. तात्यांनी पाहिलं की नाही, मला तेव्हा कळलं नाही. बोटवाला माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "नाव फुसता येतंय, मास्तर."

मानमोडीच्या तापाच्या साथीत तो गेला. घरोघर माणसं पडलेली, खांदे द्यायलाही माणूस मिळेना, तरी आमच्या गल्लीतले आम्ही बरेच जण गेलो होतो. ज्यांनी त्याला शेवटची आंघोळ घातली ते सांगत होते, करंगळीच्या नखातला पांढरा रंग काही निघाला नाही. भाभी पुढे कोडोलीला भावाकडे गेल्या. ती खिडकी बंद झाली आणि गल्लीतून जाताना आम्हाला उजेडाकडे वळवणारं कोणी उरलं नाही. मला तो फार आठवतो. इतका ताठ माणूस मग माझ्या पाहण्यात आला नाही.

तात्या मात्र खूप जगले. शेवटी शेवटी त्यांना दिसेनासं झालं. तरी गुरुवार चुकवत नसत. मी हात धरून त्यांना चित्रापर्यंत न्यायचो, मग ते स्वतःच बोटांनी चाचपत पाय शोधायचे आणि तिथे कपाळ टेकायचे. एका गुरुवारी त्यांची बोटं मध्येच थांबली.

"मास्तर, इथं काहीतरी उंचवटा लागतोय."

"अंगठा आहे, तात्या."

कुणाचा, ते त्यांनी विचारलं नाही. त्या रेषांवरून त्यांनी बोट एकदा वर आणि एकदा खाली फिरवलं.

"असू दे," ते म्हणाले, आणि त्यावरच कपाळ टेकलं.