बोलत बोलत, बोडीपर्यंत

नागपूरच्या डॉक्टरांनी बाबूजींच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हृदयाच्या ठोक्यांची लांब कागदी पट्टी उजेडाकडे धरली, बोटांनी सरकवत शेवटपर्यंत पाहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "कोरोनरी थ्रॉम्बोसिस." आमच्यापैकी इंग्रजी मला एकटीलाच येत होतं, म्हणून पुढचं सगळं ते माझ्याशीच बोलले.

कोरोनरी म्हणजे खुद्द हृदयाला रक्त पुरवणारी नळी. थ्रॉम्बोसिस म्हणजे तिच्यात रक्ताची गुठळी अडकणं. त्या नळीवर जगणारा हृदयाचा तुकडा उपाशी राहतो, मरतो आणि तिथे व्रण उरतो. पट्टीवरच्या रेघांत तो व्रण दिसत होता. बाहेर बाकावर आई आणि तिचे भाऊ, मामाजी, बसले होते. आईला मी एवढंच सांगितलं की छातीत आतून जखम झाली आहे, भरून येईल. बाकीचं स्वतःपाशी ठेवलं.

खरं तर खुणा आधीच दिसल्या होत्या. माघापासून बाबूजी गोरेगावच्या बाजारातून परतताना दोनदा थांबायचे, डावा जबडा चोळायचे. दात दुखतो म्हणायचे. लवंग देण्यापलीकडे घरात कुणी या दातदुखीची चौकशी केली नाही. तुमच्या घरी कुणाचा जबडा फक्त चालताना दुखत असेल, तर लवंगेवर थांबू नका.

नागपूरहून आल्यावर सहा आठवडे अंथरूण. उठायचं नाही, तांब्याही उचलायचा नाही. आई घास भरवायची. गावातली माणसं खाटेभोवती बसून मेलेल्यांच्या गोष्टी सांगायची. बाबूजी मुळातच कमी बोलणारे, आता नुसते आढ्याकडे पाहत. त्यांच्या पोटऱ्या माझ्या मनगटाएवढ्या झाल्या. सहा आठवडे संपले आणि आम्ही त्यांना उभं केलं, तेव्हा ते घाबरून पुन्हा बसले. मी बाबूजींना घाबरलेलं पहिल्यांदा पाहिलं.

मामाजींनी ठरवूनच टाकलं. आता शेती अधियेनं, म्हणजे अर्ध्या पिकाच्या वाट्यानं, कायमची दुसऱ्याला द्यायची, बाबूजींनी खाटेवर राहायचं. बाबूजी भिंतीकडे वळले.

तेव्हा आईनं गोंदियाच्या डॉक्टरांना बोलावलं. ते लढाईच्या काळात लष्करी इस्पितळात होते. दुखणेकरी शिपायांना रोज थोडं थोडं चालवून पुन्हा उभं करणं हे त्यांचं तिथलं काम होतं. बुटके, टक्कल पडलेले, बोलणं अर्धं हिंदीत. त्यांनी बाबूजींची छाती तपासली आणि मग बराच वेळ पोटऱ्या दाबून पाहिल्या.

"दिल की तबीयत ठीक है," ते म्हणाले. "पायच आजारी पडले आहेत. उद्यापासून चालायचं."

"चालायचं?" मामाजी उठून उभेच राहिले. "डॉक्टरसाहेब, मानसाचं काळीज हाय, बैल नोहे. फुटलं तं?"

"काळीज म्हणजे काच नाही, मामाजी. मांस आहे. दंडासारखंच. तुमचा हात सहा आठवडे बांधून ठेवला तर काय होईल?"

मामाजी आपल्या हाताकडे पाहत खाली बसले.

मग डॉक्टरांनी समजावलं. चालणाऱ्या पोटऱ्या दर पावलाला रक्त पिळून वर पाठवतात, म्हणजे हृदयाचा तेवढा भार हलका होतो. सवयीचे पाय तेच अंतर कमी श्वासात चालतात. पण अंतर वाढवायचं ते मापून. चालण्याआधी नाडी मोजायची, थांबल्यावर मोजायची, तीन मिनिटांनी पुन्हा मोजायची. तोवर ती मूळ जागी आली नाही, तर उद्या अंतर वाढवायचं नाही. जबडा किंवा छाती दुखली तर बसायचं आणि ट्रायनायट्रिनची गोळी जिभेखाली ठेवायची. ही गोळी हृदयाच्या नळ्या सैल करते.

"और सबसे बडी बात. चालताना बोलत राहायचं. वाक्य मध्येच तुटलं, की दम अपुरा. तिथेच थांबा."

सेकंदकाटा असलेलं घड्याळ फक्त माझ्याकडे होतं, कॉन्व्हेंट सोडताना घेतलेलं. त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं.

इथे आमच्या घराची रीत सांगायला हवी. आमच्याकडे मोठी झालेली मुलगी बापाशी बोलत नाही. पाणी नेऊन ठेवते, निरोप आईमार्फत जातो. मी तर आठ वर्षांची असताना जबलपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकायला गेले, सुट्ट्यांपुरती घरी यायची. बाबूजी आणि मी, दोघांनी मिळून आयुष्यात शंभर वाक्यं बोलली असतील की नाही, शंका आहे.

पहिल्या दिवशी अंगणापासून गोठ्यापर्यंत गेलो. मी विचारलं, "बरं वाटतं का?" ते म्हणाले, "हूं." नाडीच्या वहीत मी लिहिलं, 'बोलले'. आठवड्यानं वही पाहून डॉक्टर हसले. "बेटी, हूं-हां नहीं चलेगा. पुरं वाक्य पाहिजे. त्यांना जे ठाऊक आहे, तुला नाही, ते विचार."

म्हणून मी बांध्यांची नावं विचारली. बांधी म्हणजे पाणी अडवायला धुऱ्यांनी घेरलेला धानाचा तुकडा. आमच्या बांध्या पांदणीच्या, म्हणजे शेतवाटेच्या, कडेनं एकापुढे एक होत्या आणि प्रत्येकीला नाव होतं, हे मला माहीतच नव्हतं.

"हे आंब्याची. थे लांबोडी. मंग मामीवाली."

"मामीवाली का?"

"माही मामी तिथं घसरून पडली होती. लुगडं चिखलानं भरलं, मंग चार दिस मामासंग बोलली नाई." ते थांबून हसले. "थांबलो मी. हसलो म्हनून थांबलो. लिवजो तसं."

ज्येष्ठात आंब्याची ओलांडली. नाडी तीन मिनिटांत खाली येऊ लागली. दर चार दिवसांनी आधी दहा पावलं वाढवली, मग वीस. सर्वांत शेवटी होती बोडीखालची, बोडी म्हणजे लहान तळं, त्याला लागून असलेली, सगळ्यांत कसदार. "थे पाहिली का मंग मी ठरवतो, शेती द्यायची का नाई," बाबूजी एकदा म्हणाले. मामाजींना त्यांनी दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं.

आषाढात धानाची रोवणी चालू असताना चूक झाली, आणि ती माझी होती. लांबोडीपाशी मी विचारलं, "बाबूजी, मला एवढ्या दूर का पाठवलं?" बरीच वर्षं मनात असलेलं तोंडातून गेलं. ते गप्प झाले. आमच्या घरात बाप गप्प झाला म्हणजे विषय संपला, आणि मुलीनं खाली पाहायचं. मी खाली पाहिलं. तशीच चालत राहिले. साठ-सत्तर पावलं तरी असतील.

बांधीत रोवणी करणाऱ्या बायांची म्होरकी भागरता होती. ती कंबर सरळ करून ओरडली, "मालक, मुके काऊन झाले? ओ बाई, पाह्य ना त्याहिच्याकडं!"

मी पाहिलं तेव्हा बाबूजी पळसाला धरून खाली बसत होते. ओठ राखेसारखे झाले होते. पहिली गोळी माझ्या हातातून चिखलात पडली, दुसरी मी त्यांच्या जिभेखाली ठेवली. ते रागावलेले नव्हतेच. उत्तर द्यायला त्यांच्याजवळ दम नव्हता.

घरी मामाजींनी बाबूजींच्या चपला माळ्यावर टाकल्या. डॉक्टर आले, तपासलं, नवी जखम नाही म्हणाले. मी त्यांना खरं काय झालं ते सांगितलं. एवढं सलग मी कुणाशीच बोलले नव्हते. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "तीन दिवस आराम, मग निम्म्या अंतरापासून. और सुनो, ते गप्प झाले की पुन्हा विचार. वाईट वाटलं तरी विचार." बाबूजींनी सगळं ऐकलं. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी मामाजींना सांगितलं, "चपला काढ. पोरगी वाट पाहून राहिली."

त्यानंतर मी दर वळणावर विचारायची, "बाबूजी, गप्प का?" कधी ते म्हणायचे, "दम घेऊन राहिलो." कधी, "बगळा पाहून राहिलो, बाई. तेबी सांगू काय तुले?" भागरता बायांना म्हणायची, "मालकाले आता वकील करा."

कार्तिकात धान पिवळं झालं, तेव्हा आम्ही बोडीखालच्या बांधीपर्यंत पोचलो. मी काही विचारलं नव्हतं. बाबूजी चालता चालताच बोलू लागले.

"तू लहानपनी कोनासंगच बोले नाई, मीबी बोलत नाई, तुही माय एकटी भिताडासंग बोले, मंग म्या म्हटलं, हे पोरगी इथं राहिली तं माह्यासारखी होईन, तिकडं चार पोरींत तरी बोलायले शिकन."

वाक्य कुठेही तुटलं नाही. त्यांनी लोंबी तोडून तळहातावर चोळली, दाणा दाताखाली पाहिला. "यंदा शेती कायलेच द्यायची कोनाले," म्हणाले. मी त्यांचं मनगट धरलं. काटा नीट दिसायला थोडा वेळ लागला. तीन मिनिटांनी नाडी आपल्या जागी होती.

याला आता दोन वर्षं झाली. व्रण आहे तिथेच आहे, पट्टीवर अजून दिसतो. गोंदियाच्या डॉक्टरांनी तो पुसला नाही, त्याच्यासकट चालायला शिकवलं. ज्यांच्या घरी असं दुखणं आलं आहे, त्यांनी अंतर आणि वेळ आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावी, आमची वही वापरू नये. मी एवढंच सांगते की दुखणेकऱ्याला एकटं चालू देऊ नका, आणि तो गप्प झाला तर मान राखायला म्हणून तुम्ही गप्प होऊ नका.

वही भरली, तेव्हा डॉक्टरांनी ती मागून घेतली. दुसऱ्या एका मुलीला दाखवायची आहे, म्हणाले. तिचे वडीलही कमी बोलतात.