शालूबाईंनी मोडलेले सोमवार

टिळकवाडीत आमच्या शेजारी शालूबाई राहतात. उपास त्यांच्याइतक्या आनंदानं करणारं माणूस मी पाहिलं नाही. सोमवारी त्यांच्याकडून शेंगदाण्याच्या कुटाचा वास आला की माझ्यासारख्या जुन्या नटासाठी तिसरी घंटा झालीच! साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वर दही. "उपास हाय म्हणून एवढंच हं, अण्णा," म्हणत त्या माझी वाटी शिगोशीग भरायच्या.

त्यांच्या भावाची मुलगी स्वराली बोरगावहून कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आली. तिनं सोमवार धरला, मग गुरुवार, शनिवार. पुढं चतुर्थी, एकादशी. तेही नुसत्या लिंबूपाण्यावर. हळदीकुंकवाला बायका तिच्याकडे बोट दाखवून आपापल्या मुलींना टोमणे मारायच्या. पोरगी वाळत चालली, तरी "तपाचं तेज हाय" म्हणत शालूबाई मिरवायच्या.

वर्षानं त्यांनी तिच्या गुरुवारांचं उद्यापन मांडलं. व्रत पुरं झालं की गोडाधोडाचं जेवायचं, ही रीत. स्वरालीच्या ताटात पुरणपोळी, वर तूप. मी समोरच होतो. नाटकात जेवणाचा प्रवेश असला की आम्ही रिकाम्या ताटातून घास उचलायचो, तोंड हलवायचो, बोलत राहायचो. ही पोरगी भरल्या ताटावर बसून तेच करत होती. पोळीचे तुकडे हळूच ताटाखाली जात होते.

हात धुताना मी शालूबाईंना सांगितलं. त्यांचा चेहरा आधीच उतरला होता.

"मीबी बघितलं, अण्णा. उपास सोडताना माणूस खुलतंय. ही भ्यालती. पोळीला भ्यालती!"

दुसऱ्या दिवशी त्या तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासून मनाच्या डॉक्टरकडे पाठवलं. हा आजार आहे, रागावू नका, रोज तिच्यासोबत जेवा, असं तिथं सांगितलं.

शालूबाईंनी देवापुढं नारळ ठेवला आणि पोरगी बरी होईपर्यंत स्वतःचे सगळे उपास बंद केले. शेजारणीनं टोचलंच, "काय ओ, म्हातारपणी भाकरी गोड लागाय लागली व्हय?"

"लई गोड," त्या म्हणाल्या.

परवा सोमवारी गेलो, तर दोघी जेवायला बसल्या होत्या.

"आत्या, माझ्यामुळं तुझा सोमवार मोडला," स्वराली म्हणाली.

"देवाशी माझं बोलणं झालंय. तू जेव गं."

तिनं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि बराच वेळ हातातच धरला. शालूबाई तिच्याकडे न बघता माझ्या केसांच्या कलपाची थट्टा करत राहिल्या. शेवटी तो घास तोंडात गेला. शालूबाईंनी स्वतःच्या वाटीत आणखी आमटी वाढून घेतली.