आप्पांनी पाडलेला व्हॉल्व्ह

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. टिळकवाडीतल्या मैत्रिणींना तर नाहीच — त्यांच्या लेखी मी युद्धनौकेचे भाग तपासणारी बाई, आणि ते ऐकून मीही फुशारते. आज तुम्हाला सांगते.

मच्छे गावच्या कारखान्यात आम्ही नौदलाच्या एका फ्रिगेटसाठी ब्राँझचे व्हॉल्व्ह करत होतो. ओतून आलेल्या प्रत्येक नगात दाबाचं पाणी भरायचं आणि आमच्या जुन्या कारागिरानं, आप्पांनी, खालून तळवा फिरवायचा. दाब दाखवणारा काटा हलायच्या आधी त्यांच्या हाताला ओल कळायची. मी नवी इंजिनिअर, त्यांच्या मुलीच्या वयाची; तरी मला आक्का म्हणायचे. हे काम मला त्यांनीच शिकवलं, कॉलेजनं नाही.

त्या दिवशी ट्रक दारात उभा होता. आप्पा जेवायला गेले होते आणि मी — काय घाई होती हो एवढी? — शेवटच्या नगाच्या कागदावर चाचणीआधीच सही करून बसले होते. दाब दिला. थेंब आला. सुईच्या टोकाएवढं भोक! कागद फाडता आला असता की नाही? मी हातोडीनं ठोकून ते भोक बुजवलं आणि वर रंग फासला.

आप्पांनी आल्यावर सवयीनं पुन्हा पाणी भरलं. तळवा फिरवला. माझ्याकडे पाहिलं. मग तो व्हॉल्व्ह सोडवून उचलला आणि सरळ फरशीवर टाकला. मालक धावत आले.

"माझ्या हातनं निसटला, मालक. कडा गेली. दुसरा वतायला लागतोय."

तीस वर्षांत त्या हातातून काही निसटलं नव्हतं. 'आता वय झालं' म्हणून मालकांनी त्यांना पॅकिंगला बसवलं. मी तिथंच उभी होते — एक वाक्य पुरलं असतं. नाही बोलले. वर त्यांची जागा मला मिळाली.

गेल्या वर्षी कारवारला ती नौका लोकांना बघायला खुली झाली. कारखान्याची बस गेली, आप्पाही आले. रडारला चकवणाऱ्या तिरक्या भिंती, डेकखाली उभी ठेवलेली क्षेपणास्त्रं, पाणबुडीचा माग काढणारं हेलिकॉप्टर — एक नौसैनिक हौसेनं दाखवत होता. "पण मार बसून आग लागली," तो म्हणाला, "तर आमची सगळी भिस्त या पाण्याच्या पाइपवर." त्या पाइपवर आमचा व्हॉल्व्ह होता.

आप्पांनी खालून तळवा फिरवला आणि मला दाखवला. "कोरडा हाय, आक्का. लई झ्याक."

त्या नौकेवर शे-दोनशे पोरं राहतात. माझ्या हातून व्हायचं ते आप्पांनी होऊ दिलं नाही — किती उपकार मानू त्यांचे? माझे डोळे भरून आले.

"काय झालं वो, आक्का?"

"खारं वारं गेलं डोळ्यांत," मी म्हटलं. तिथंही खोटंच बोलले.

सोमवारी आप्पा पॅकिंगला बसले आणि मी त्यांच्या जागेवर.